पिस्त्याचा कोन

पिस्ते कुटताना वास सुटला की मला इथल्या, परदेशातल्या पेनरोज उपनगरातल्या गोदामांमागचं ते इटालियन दुकान आठवतं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना इथलं बाहेरचं काहीच रुचत नव्हतं, म्हणून मी हौसेने त्यांना तिथे नेलं आणि पिस्त्याच्या जिलाटोचा, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचा, कोन हातात दिला. भट्टीतून भाजलेल्या बदामांचा वास येत होता आणि सासूबाई डोळे मिटून चमच्याने खात होत्या. अर्धं संपलं आणि ऑफिसातून बायकोचा फोन आला, "आईला आज संकष्टी आहे हे सांगितलंस ना?" मी ते साफ विसरलो होतो. सासूबाईंचा इतक्या वर्षांचा उपास जावयाने मोडला होता. फोन त्यांनी ऐकला होता. चमचा थांबला. "सकाळपासून नुसता चहाच झालाय," त्या म्हणाल्या, "यात काय काय आहे ते विचारा त्यांना." काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दूध, साखर, पिस्ते. अंडं नाही." मी ते मराठीत सांगितलं. "मग चालतंय की उपासाला. कोन तेवढा गव्हाचा दिसतोय, तो तुम्ही खा." माझा जीव भांड्यात पडला. आताही त्या आल्या की आम्ही संकष्टीला मुद्दाम तिथे जातो आणि रिकामा कोन मी मुकाट्याने खातो.