फ्रँकच्या नावावर सुटलेला झेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नीलाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून चव्वेचाळीस वर्षांत मी फक्त सिगारेटी लपवल्या होत्या, त्याही तिला कळल्याच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही सोयीचंच कारण झालं का? असेल.

आधी माझा तोरा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नागपूरला कॉलेजात मी क्रिकेटचा स्कोअरर होतो. खेळायला मला कुणी घेत नसे, पण वही माझ्याच हातात. अंपायरला शंका आली की तोही माझ्याकडे बघायचा. पुढे मिशिगनला आलो, पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, नोव्हायला घर घेतलं, रिटायर झालो आणि दिवसभर नीलाच्या मधे मधे यायला लागलो. शेवटी तिनेच मला अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावातल्या संग्रहालयात व्हॉलंटिअर म्हणून पाठवलं. हाकललं म्हणा.

तिथे एक जुनं स्कोअरबुक आलं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्या गावाची पगारी खेळाडूंची बेसबॉल टीम होती. तिच्या शेवटच्या हंगामातला प्रत्येक सामना टीमच्याच स्कोअररने जांभळ्या पेन्सिलीने त्यात टिपला होता. संग्रहालयातल्या दोघी मुलींना त्या खुणा लागत नव्हत्या. मी लावल्या. चार महिने बसून अख्खा हंगाम कॉम्प्युटरवर उतरवला. प्रदर्शनाच्या फलकावर माझं नाव येणार होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या लोकांना माझ्याकडून काहीतरी त्यांचं स्वतःचं समजून घ्यायचं होतं — खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं.

मग वॉल्टर आले. वय अठ्ठ्याऐंशी, हातात वॉकर, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांचे वडील फ्रँक त्या टीममध्ये होते. हंगामाचा शेवटचा सामना परगावी झाला. जिंकला असता तर विजेतेपद आपल्या गावाला. शेवटच्या डावात डाव्या बाजूच्या खेळाडूकडे सोपा, उंच चेंडू आला आणि त्याच्या हातून सुटला. सामना गेला, आणि पुढल्या वर्षी टीमच बंद पडली. डाव्या बाजूला फ्रँक खेळायचे. पेपरात त्यांचं नाव आलं आणि गावाने ते जन्मभर लक्षात ठेवलं.

फ्रँक मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिले — तेव्हा मी मैदानात नव्हतोच. बोट फाटलं होतं, मला आधीच बाहेर काढलं होतं. कोण मानणार? गावातलं कुणी सामना बघायला गेलं नव्हतं, आणि बरोबरचे खेळाडू हंगाम संपताच पांगले. मानलं ते एकट्या मुलाने. वॉल्टर त्यापायी शाळेत मारामाऱ्या करून आले होते. आता त्यांना फक्त वहीत काय लिहिलंय ते हवं होतं.

मी पान काढलं. फ्रँकच्या नावाची ओळ, शेवटचा डाव, चूक झाल्याची खूण. क्रिकेटच्या वहीत झेल सोडणाऱ्याचं नाव लागत नाही, बेसबॉलमध्ये लागतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "तुमच्या वडिलांच्याच नावावर आहे."

त्यांनी खाली वाकून ती खूण नीट पाहिली. मग थँक यू म्हणाले आणि गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली. वॉकर धरून उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, की झेल माझ्या वडिलांनीच सोडला होता, त्यांनी आम्हाला वेगळं सांगितलं, मी तेच सगळ्यांना सांगत फिरलो, ते आज मागे घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तीन आठवड्यांनी नातीच्या शाळेत सॉफ्टबॉलचा, म्हणजे मुलींच्या बेसबॉलचा, सामना होता. शेजारी एक आई स्कोअर लिहीत होती. मधेच एक मुलगी बदलली, तेव्हा तिने नव्या मुलीचं नाव जुन्या नावाखाली, त्याच ओळीत, बारीक अक्षरात लिहिलं. मी विचारलं, त्याच ओळीत का? ती म्हणाली, इथून पुढे ही ओळ हिची — बॅटिंगलाही आता तिच्या जागी हीच येणार ना.

फ्रँकच्या नावाखाली असंच एक बारीक नाव होतं. मला ते दिसलं होतं! बारावा खेळाडू असेल, पाणी नेणारा — असं समजून मी ते सोडून दिलं होतं. क्रिकेटमध्ये त्याला स्वतःची ओळ कुठे असते? दुसऱ्या दिवशी जाऊन पान पाहिलं. नऊपैकी सातव्या डावानंतर एक उभी रेघ. तिच्यापुढचं सगळं त्या दुसऱ्या माणसाचं. झेलसुद्धा.

इथवर ती नुसती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण वॉल्टर त्यानंतर अकरा महिने जगले, आणि त्या अकरा महिन्यांत दर गुरुवारी मीच त्यांना डॉक्टरकडे न्यायचो. जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं — गाडीत आम्ही दोघंच. काय अडचण होती मला? फलकावरचं नाव. त्या मुलींच्या नजरेतला आदर. नीला म्हणायची, "किती करतोस रे वॉल्टरसाठी. ही इज सो लकी." मी ऐकून घ्यायचो. एकदा गाडीतून उतरताना ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून दुसरा कुणीही खोटं बोलला असता. तू नाही बोललास." तेव्हाही मी त्यांचा वॉकर उघडून दिला आणि दार लावलं.

कॉम्प्युटरवरचा तक्ता आता बरोबर आहे. ते गेल्यावर मी गुपचूप दुरुस्त केला, चार मिनिटं लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मला सांगायचं होतं ते हेही नाही — मी अजून त्याच्याभोवती घिरट्याच घालतोय.

शेवटच्या आठवड्यात ते हॉस्पिसमध्ये होते. आज सांगायचंच म्हणून मी दुपारी गेलो. त्यांची मुलगी कॉफी आणायला खाली गेली होती. ते शुद्धीवर होते, नीट बोलत होते. मी खुर्ची जवळ ओढली, तर तेच आधी बोलायला लागले. "बाबा गेले त्या दिवशीही मला तेच सांगत होते — मी नव्हतो मैदानात. मी त्यांचा हात धरून हो हो म्हणत होतो. जाता जातासुद्धा माणूस आपल्या मुलाशी खोटं बोलतो?"

याहून मोकळी वाट कुणाला मिळते? एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे —

"वडील आहेत तुमचे. माफ करून टाका त्यांना."

वॉल्टरनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "केलं."