मागचा फोकस

निमोण्यात हौसरावांचं घर विचारलं तर माणसं डोकं खाजवतील. रेडियम आबा म्हणा, कुणीही फाट्यापर्यंत आणून सोडेल. थंडी पडली, घोडनदीकडून धुकं चढायला लागलं, की हा साठीचा माणूस कानटोपी घालून पहाटे फाट्यावर उभा. एका हातात लाल रेडियमपट्टीचं रीळ, दुसऱ्या हातात कात्री. उसाची ट्रॉली आली की थांबव, मागची फळी फडक्यानं पूस, पट्टी चिकटव. ट्रॉलीवाला कुरकुरला तर त्याला ऐकवायचे, तेही फुकट.

ऐकवणं ठरलेलं असे. "धुईत अप्पर मारू नको. धुई तुझाच उजेड तुझ्या डोळ्यात फेकती. डिपरवर ये. आन् चालत्या गाडीचं चारी इंडिकेटर मिचकवू नको, मागच्याला कसं कळायचं तू उभा हाय का चालला हाय? ट्रॅक्टरच्या मागचा फोकस आधी बंद कर." हे शेवटचं वाक्य ते नेहमी जरा खालच्या आवाजात बोलत. गावातली टवाळ मंडळी म्हणायची, यम न्यायला आला तरी आबा आधी त्याच्या रेड्याच्या शेपटीला रेडियम लावतील, मगच निघतील. ग्रामपंचायतीनं एका सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कारही केला. ती शाल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. आबांनी ती कधी अंगावर घेतली नाही. त्यांच्या बायकोला, पुतळाबाईंना, तो नवऱ्याचा साधेपणा वाटतो. बायकांना नवरे फार कळतात असं आपण म्हणतो, पण एखादी गोष्ट राहूनच जाते.

फाट्यापासून दोनेक किलोमीटरवर कालव्याच्या चारीवर एक मोरी आहे. तिथं धुक्यात चकव्याचा दिवा दिसतो, असं अख्खं गाव सांगतं. एकच दिवा, पांढरा. समोरून येतोय, येतोय असं वाटतं आणि येतच नाही. ही गोष्ट सुरू झाली अकरा वर्षांपूर्वी, धम्मदीपपासून. पाटसच्या कारखान्यावर गळीत हंगामात तो कामाला जायचा, पहाटेच मोटारसायकल काढून. एका सकाळी तो मोरीखाली चारीत सापडला. दवाखान्यात दोन दिवस जगला. बायकोला, सुरेखाला, तो एवढंच म्हणाला, "समोरून गाडी येत व्हती. मी वाट दिली. ती आलीच न्हाई."

झालं. गावाला एवढं पुरलं. भूत ही मोठी सोयीची वस्तू असते. त्याचा पंचनामा होत नाही, त्याला जबानी द्यावी लागत नाही. सुरेखाच्या घरात मात्र चकव्याला जागा नव्हती. आमच्यात असलं काही मानत नाहीत, असं ती तोंडावर सांगायची. मग तो उजेड कसला होता, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

उत्तर हौसरावांकडं होतं.

त्या पहाटे ते इनामगावच्या बाजूला एका वावरात नांगरटीला निघाले होते. ट्रॅक्टरला मागं नांगर. अंधारात नांगरताना मागं वळून नांगराचं तास दिसावं म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला एक पांढरा फोकस असतो. तो वावरात लावायचा आणि रस्त्यावर बंद करायचा. पण आपल्याकडं कोण बंद करतं? रात्रीची नांगरट करून आदल्या दिवशी ते तसेच घरी आले होते, आणि पहाटे तसेच निघाले. मोरीजवळ मागून मोटारसायकलचा आवाज आला. जवळ आला आणि तुटला. हौसरावांनी वळून पाहिलं, तर फोकसच्या उजेडात नुसतं पांढरं. वळला असेल कुणीतरी, असं म्हणून ते पुढं गेले आणि तीन एकर नांगरून आले.

धम्मदीपचे शब्द दोन दिवसांनी गावभर झाले, तेव्हा त्यांच्या हातातला घास ताटात पडला. धुक्यात पांढरा दिवा दिसला की माणूस काय समजणार? आपल्याच अंगावर, आपल्याच बाजूनं कुणी गाडी घातली आहे. त्यानं भल्या माणसासारखी वाट दिली आणि तो चारीत गेला. वाट दिली ती हौसरावांना. त्यांनी त्याच रात्री तो फोकस पान्यानं काढला, गोणपाटात गुंडाळला आणि गोठ्यातल्या खिळ्याला टांगला. फेकून द्यायचा धीर झाला नाही, सांगायचा तर नाहीच. लोक चकवा म्हणत होते, त्यांनी म्हणू दिलं. पुढच्या थंडीत रेडियमचं रीळ आणलं.

यंदाच्या डिसेंबरात एका संध्याकाळी अनुपमा त्यांच्या दारात आली. धम्मदीपची ही मुलगी तेव्हा पंधराची होती, आता पाटसला शाळेत शिकवते. हौसरावांनी खाट पुढं केली, ती बसली नाही. जुनी चारचाकी घेतली आहे, रोज पहाटे सहाला त्याच गाडीनं जाते, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, मंगळवारी धुक्यात मोरीजवळ तो दिवा दिसला.

तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरांचे फोकस त्यांनी स्वतः बंद करून घेतले होते. मग हा कुठला? ज्या भुताच्या आड आपण अकरा वर्षं लपलो, ते खरंच असलं तर? क्षणभर त्यांना ते खरं वाटलं, आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे जरा बरंही वाटलं.

अनुपमा पुढं सांगत होती. तिनं अप्पर मारला, तर काचेपुढं पांढरी भिंत उभी राहिली आणि गाडीचं डावं चाक डांबरावरून उतरलं. मोरी हातभर राहिली होती.

"आबा, उजेडातलं तुम्हाला कळतं. येतो आणि पोचत नाही, असा दिवा कुठला असतो?"

हौसरावांनी तिला सगळं सांगितलं. डिपर लाव, बंपरखालचे फॉगलॅम्प असतील तर ते लाव, काच खाली करून कान उघडे ठेव, डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चाल, पुढच्याच्या लाल दिव्यामागं आंधळ्यासारखी पळू नको, चारी इंडिकेटर गाडी उभी केल्यावरच लाव. सगळं सांगितलं, विचारलं होतं तेवढं सोडून. अनुपमानं ऐकून घेतलं आणि जाता जाता म्हणाली, "पुन्हा दिसला तर मी वाट देणार नाही. सरळ त्याच्यावर गाडी घालणार. काय आहे ते एकदा कळू दे."

तिसऱ्या दिवशी पहाटे असं धुकं पडलं की अंगणातली तुळसही दिसेना. हौसराव बॅटरी घ्यायला गोठ्यात गेले. वर पाहिलं तर खिळा मोकळा होता. गोणपाट खाली पडलं होतं.

पुतळाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सहज सांगितलं की लेकानं, रविराजनं, आठवड्यापूर्वीच तो जुना दिवा ट्रॅक्टरला बसवला, चांगला चालतो म्हणाला, आणि आत्ताच नांगर जोडून इनामगावच्या अंगाला गेला.

हौसरावांनी लेकाला फोन लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात तो काय ऐकणार? अनुपमाचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. बॅटरीच्या काचेवर लाल पट्टी चिकटवून ते रस्त्यावर धावले. साठीचा माणूस, पायात एकच चप्पल. धुक्यात आपलाच श्वास कुणीतरी शेजारी घेतंय असं वाटत होतं. दूर कुठंतरी ट्रॅक्टर धडधडत होता, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी चक्क मागून. मग फाट्याच्या बाजूचं धुकं पांढरं व्हायला लागलं. गाडी होती, आणि अप्परवर होती. हौसराव रस्त्याच्या कडेला लाल बॅटरी हलवत राहिले. गाडी त्यांच्या पुढं जाऊन थांबली.

दार उघडून ते आत बसले. धाप लागली होती. "डिपर कर," एवढंच म्हणाले. अनुपमानं केलं. भिंत विरली आणि पुढं दहा फूट ओलं डांबर दिसलं. त्यांनी काचा खाली करायला लावल्या. पंधराच्या वेगानं गाडी रेघ धरून निघाली. मोरीचा कठडा डावीकडून आला आणि गेला.

आणि समोर तो दिवा होता. एकच, पांढरा, आपल्याच बाजूला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. तो हलत होता आणि येत होता. अनुपमाचा पाय ॲक्सिलरेटरवर गेलेला त्यांना कळला.

"दाबू नको, पोरी. त्यो येत न्हाई. त्यो चाललाय."

"कोण?"

"माझा ट्रॅक्टर हाय त्यो. मागचा फोकस हाय." त्यांनी डोळे मिटले. "तवाबी माझाच व्हता."

अनुपमानं पाय काढला. गाडी आपल्या गतीनं रांगत राहिली. दिवा थोडा वेळ तेवढ्याच अंतरावर डुलला, मग एका बाजूला वळला. तेव्हा आधी नांगराचे फाळ दिसले, मग चाक, मग मफलर गुंडाळलेला रविराज. ट्रॅक्टर वावरात उतरला. धम्मदीपला हे पाहायला आणखी अर्धं मिनिट मिळालं असतं तर तो हसला असता आणि कामाला गेला असता.

वावराच्या वाटेच्या तोंडाशी डांबर सोडून अनुपमानं गाडी उभी केली आणि मग चारी इंडिकेटर लावले. एवढं शिकवलेलं ती विसरली नव्हती.

"बाबांनी तुम्हाला वाट दिली," ती म्हणाली.

"व्हय."

"अकरा वर्षं आई पहाटेची दार उघडून रस्त्याकडं बघते. तुम्ही फाट्यावर दिसता तिला. ती म्हणते, आबा आहेत म्हणून बरं आहे."

हौसरावांना रडू आलं. ते त्यांनी पुसलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं इंडिकेटर बंद केले आणि गाडी वळवली. शाळेकडं नाही, गावाकडं.

"आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

परतीची वाट तीच होती. दहा फुटांपुढं काही दिसत नव्हतं, आणि तेवढ्यावर गाडी घरापर्यंत पोचली. सुरेखा दारात उभी होती. शाळेला गेलेली लेक माघारी आलेली पाहून ती घाबरली, मग पाठोपाठ एका पायात चप्पल घातलेले हौसराव उतरले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

"आबा, एवढ्या धुईत? आमच्या गाडीला रेडियम लावायला आलाय व्हय?"

हौसरावांनी पाणी घेतलं नाही. बॅटरी खाली ठेवली, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले, आणि आदल्या रात्रीच्या नांगरटीपासून सांगायला लागले.