पाण्यात धरत नाहीत

“म्हणजे आता पाणी तुमच्या हातचं! काळ बदलला हो.”

साहेब हे मराठीत म्हणाले. हसत. नोएडाच्या आमच्या प्रयोगशाळेत, वजनकाट्याभोवती उभ्या असलेल्या नव्या केमिस्टांसमोर. त्या खोलीत मराठी कळणारे दोघेच होते. ते आणि मी. वाक्य माझ्यासाठी होते, हसू सगळ्यांसाठी.

ट्रकच्या रेडिएटरमधले कूलंट डोंगरातल्या थंडीत गोठू नये, म्हणून त्यात ग्लायकॉल किती हे आम्ही तपासतो. मी मोललता शिकवत होतो. बासष्ट ग्रॅम ग्लायकॉल म्हणजे एक मोल. ते एक किलो पाण्यात विरघळवले, की द्रावण एक मोलल झाले. नवी मुले एकूण द्रावणाच्या वजनाने भागतात आणि चुकतात. भागायचे ते फक्त पाण्याच्या वजनाने. म्हणून पाणी आधी, वेगळे तोलायचे. मी पाणीच तोलत होतो.

शेजारी त्यागी होते. गाझियाबादचे, माझे जुने सहकारी. त्यांनी विचारले, “क्या बोले साहब?”

मी म्हणालो, “कह रहे हैं, पानी बढ़िया तौला.”

सगळे हसले. मीही हसलो. अपमान साहेबांनी केला, आणि तो धुऊन, पुसून, इस्त्री करून मी लोकांपुढे ठेवला.

मी हळू आवाजात बोलणारा माणूस आहे. पन्नाशी ओलांडली तरी कोणावर आवाज चढवलेला नाही. लोक याला सभ्यता म्हणतात. मी तपासून पाहिले. बरीचशी भीती होती.

आम्ही वर्ध्याकडचे बौद्ध. माझे आडनाव दिल्लीत कोणाला वाचता येत नाही. इकडे महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस मराठा. त्यागी मला ‘मराठा साहब’ म्हणत. डबा उघडला की पराठा माझ्यापुढे सरकवत आणि डिवचत, “खा लो मराठा साहब, पानीपत में भूखे लड़े थे, तभी हारे.” मी पराठा खायचो आणि हसायचो. पानिपतचा पराभवसुद्धा मी आनंदाने आपला म्हणून घेतला. त्या टोमण्यासोबत एक उसनी जात फुकट मिळत होती.

मग हे साहेब बदलून आले. पुण्याचे. पहिल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “अरे वा, मराठी माणूस! गणपतीला घरी यायचं हं, सहकुटुंब. आडनाव काय म्हणालात?”

मी सांगितले.

“हं.”

एवढेच. त्या ‘हं’मध्ये माझे गाव, वस्ती, आजोबा, सगळे वाचून झाले होते. दिल्लीला इतक्या वर्षांत जे वाचता आले नाही, ते माझ्या मातृभाषेने एका हुंकारात वाचले. गणपतीचे बोलावणे पुन्हा आले नाही. त्याऐवजी हे सुरू झाले. रोज एखादे वाक्य. गोड, सुसंस्कृत, अस्सल मराठी. आणि दर वेळी त्याचे निरुपद्रवी हिंदी करणारा मी.

पाण्याचा तो किस्सा मयूर विहारच्या घरी बायकोला सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले.

“आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

मी सांगितले.

“अहो, म्हणजे तो शिव्या देतो आणि तुम्ही त्याचे दुभाषे! पगार वाढवून मागा की.”

मुलगी दिल्लीत वाढलेली. तिने विचारले, “बाबा, दुभाषे म्हणजे?” बायको म्हणाली, “तुझ्या बाबांना विचार.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच वर्ग. मी सांगत होतो की छेदात फक्त पाणी येते, विरघळलेला पदार्थ तिथे धरायचा नाही. साहेब दारात टेकून ऐकत होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “ही मोललता आपल्याकडे जुनीच की हो. तुम्ही लोक कितीही विरघळा, पाण्यात धरत नाहीत.”

मान्य करतो, वाक्य नेमके बेतलेले होते. इतकी बुद्धी, आणि ती खर्च कशावर?

त्यागींनी विचारले, “क्या बोले?”

मी काट्यावरचे चंचुपात्र उतरवून ठेवले. नेहमीच्याच आवाजात बोललो.

“साहब कह रहे हैं कि मोलैलिटी इनके यहाँ पुरानी चीज़ है. हम लोग कितना भी घुल जाएँ, पानी में नहीं गिने जाते. हम लोग मतलब मैं. मैं मराठा नहीं हूँ, त्यागी जी. बौद्ध हूँ. मेरे दादा को महार कहते थे, और इनके यहाँ उनका छुआ पानी कोई नहीं पीता था. पिछले हफ़्ते साहब ने पानी बढ़िया तौलने की बात नहीं कही थी. वह झूठ मेरा था.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “अहो, विनोद होता! मराठी विनोद हिंदीत नासतो.”

“मराठीतही नासकाच होता, साहेब.”

दुसऱ्या दिवशी त्यागींनी डबा उघडला. पराठा सरकला नाही. ‘मराठा साहब’ही म्हणाले नाहीत. खाली मान घालून जेवले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण तो पराठा कधी माझा नव्हताच. तो मी न लढलेल्या लढाईचा होता. मी माझी भाकरी खाल्ली, त्यांच्याच समोर, त्याच टेबलावर बसून. उठलो नाही. उठणारही नाही.

साहेब आता माझ्याशी मराठी बोलत नाहीत. इंग्रजीत बोलतात, जपून, एकेक शब्द तोलून.

बोलू देत. इंग्रजीचाही अनुवाद मला येतो.