एकच गेलाय न्हवं?

मंगळवार पेठेत गळ, दोरी आणि मासे धरायच्या काठ्या विकणारे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. बोलणं इतकं मोठ्यानं, की नवख्याला भांडण चाललंय वाटावं. "नदीवर का तळ्यावर, पावणं?" हे विचारल्याशिवाय ते गळ दाखवत नसत. पाणी गढूळ असलं तर म्हणायचे, "आज न्हाय गावायचं काय. घरला जावा." असं परत पाठवलेलं गिऱ्हाईक पुढच्या खेपेला मित्राला घेऊन यायचं.

अर्धांगवायूनं माझ्या वडिलांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांची काठी विकायला मी तिथं गेलो.

"का विकतोयस?"

"वडलांची आहे. हात गेला त्यांचा."

"एकच गेलाय न्हवं?" मालक ओरडले. "ठेव हितं काठी."

रविवारी सकाळी ते टांगा घेऊनच दारात आले. डाव्या हाताला धरवेल अशी काठीची मूठ त्यांनी सायकलच्या ट्यूबनं जाड केली होती. वडील नको नको म्हणत होते.

"माशाला काय कळतंय, डावा का उजवा?" म्हणत मालकांनी त्यांना टांग्यात बसवलं आणि दुपारपर्यंत रंकाळा तळ्यावर त्यांच्याशेजारी बसून राहिले. रविवार म्हणजे त्यांच्या धंद्याचा खरा दिवस. तरी दुकान बंद ठेवलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

मासा एकही लागला नाही. पण घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "उद्या मला लवकर उठव."

दुखणं आल्यापासून उद्याचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं होतं.