दोन स्वल्पविराम

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमननं शाळेच्या व्हरांड्यातच माझ्या हातात दिलं. फाटलेला कोपरा दिसला की मजकूर वाचायच्या आधीच कळतं, कुणीतरी गेलंय. सुमतीबाई गेल्या, एवढंच लिहिलं होतं, खाली त्यांच्या भाचीची सही. झोपेतच गेल्या म्हणे... जन्मभर ज्या बाईला कशाची ना कशाची भीती वाटत आली, तिला शेवटी घाबरायला वेळच मिळाला नाही. त्याला आता दीड महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहायचं तर एकच गोष्ट लिहावी लागेल.

बाई गोंदियात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. तिशीच्या आत विधवा झाल्या, नागपूर सोडलं आणि गोंदियालगत फुलचूरला एका खोलीत एकट्या राहू लागल्या. आमचा टोला चिचगडच्या पलीकडे जंगलात, अकरा घरांचा. तिकडे वरचे वर्ग नव्हते, म्हणून बाबांनी मला बाईंकडे ठेवलं होतं. बाई भित्र्या होत्या आणि ते लपवायच्याही नाहीत. वीज कडाडली की खाटेवर पाय घेऊन बसायच्या. रस्त्यात मोकाट बैल दिसला की मला पुढे करायच्या. साहेब शाळा तपासायला येणार असले की दोन दिवस त्यांना जेवण जायचं नाही. खडू हातात घेतला की मात्र आवाज स्थिर व्हायचा.

मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी ‘हू’ शिकवलं. ‘हू’ म्हणजे आपला ‘जो’ किंवा ‘जी’. पुस्तकातली राजेराण्यांची वाक्यं त्यांना नको असायची. “घरातलं एक माणूस आणा,” त्या म्हणायच्या, “आणि त्याच्यावर काय गुदरलं ते ‘हू’ लावून सांगा.” एकीनं पुरात वाहून गेलेला मामा आणला, एकीनं आसामच्या चहाच्या मळ्यातून पळून आलेली आत्या. मी माझी आजी आणली, जिनं मोहाच्या झाडाखाली अस्वलाला टोपली फेकून हाकललं होतं. बाईंनी डोळे मोठे केले आणि खुर्ची धरून बसल्या. वर्ग हसला, त्याही हसल्या. मग त्यांनी फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं, एकदा स्वल्पविराम देऊन, एकदा न देता. “नीट बघा मुलींनो. स्वल्पविराम नसेल तर ज्यांनी केलं तेवढेच. असेल तर सगळेच.” मी ते वहीत उतरवून घेतलं. मला कळलंय असंच मला वाटलं होतं.

परीक्षा देऊन मी गावी गेले तेव्हा मोहफुलं वेचायचे दिवस होते. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या वर्षी वारा सुटला, आग पसरली आणि सरकारी लाकडाचा डेपो जळून गेला. आग लावणारे दोघंच होते, शेजारचे तुकारामकाका आणि माझे बाबा. टोल्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण नावं कुणी घेत नव्हतं. जंगलाचे मोठे साहेब मद्रासकडचे, नुकतेच आलेले, त्यांना हिंदीही जेमतेम यायची. म्हणून माफीचा अर्ज इंग्रजीतून द्यायचं ठरलं, आणि तो मीच लिहिला. टोल्यातल्या ज्या माणसांनी आग लावली त्यांना पश्चात्ताप झालाय, असं मला म्हणायचं होतं. ‘द मेन ऑफ अवर व्हिलेज, हू हॅड लिट द फायर, आर सॉरी.’ दोन स्वल्पविराम दिले. लिखाण भारदस्त दिसतं म्हणून दिले...

आठव्या दिवशी जंगलाचा शिपाई आला. सोमवारी अकराही घरांच्या कर्त्या माणसांनी विश्रामगृहावर हजर व्हायचं, असा हुकूम होता. “कायले? आमी काय केलं?” मारोतीकाका म्हणाले. “तुमच्याच अर्जात कबूल केलं ना बापा, का समद्यायनं आग लावली म्हून,” शिपाई म्हणाला. बायका रडायला लागल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अर्जाची नक्कल ओच्यात खोचली आणि सकाळच्या मोटारीनं गोंदिया गाठलं. वाटभर ते एक वाक्य मी मनात उलटसुलट करत होते आणि मला त्यात चूक सापडत नव्हती. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

बाईंनी नक्कल उभ्यानंच वाचली. मग खाली बसल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला अर्ज विसरून त्यांना पाणी आणावं लागलं. “कुसुम, हे तू काय लिहिलंस गं... सगळ्यांना गोवलंस तू.” फळ्यावरची ती दोन वाक्यं मला तेव्हा खरी दिसली. मी हमसून रडू लागले. बाईंनी नकलेची घडी घातली. मग म्हणाल्या, “मी येते. मला तिथं बोलता येईल की नाही माहीत नाही, पण येते.”

सोमवारी विश्रामगृहापुढच्या चिंचेखाली अकरा माणसं ओळीनं उभी होती. साहेब व्हरांड्यात बसले होते. बाईंच्या कपाळावर घाम होता, पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. पहिलं इंग्रजी वाक्य त्यांनी तीनदा सुरू केलं तेव्हा कुठे ते पूर्ण झालं. त्यांनी स्वल्पविरामाची गोष्ट सांगितली. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, मग तूच सांग, यातला कोण त्या दिवशी काय करत होता.

मी व्हरांड्याच्या कडेला उभी राहिले. एकेकाकडे बोट करून इंग्रजीत सांगू लागले. हे मारोती, जे बैल घेऊन देवरीच्या बाजाराला गेले होते. हे सदाशिव, ज्यांना तापानं पंधरा दिवस उठू दिलं नव्हतं. हे झिंगर, जे मुलीच्या लग्नाला आमगावला गेले होते... एकेक ‘हू’ सांगताना मी बाईंकडे बघायची आणि त्या डोळ्यांनी ‘बरोबर’ म्हणायच्या. ज्यांच्याविषयी मी बोलत होते त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. नऊ माणसं झाली, आणि मी थांबले.

“अँड दीज टू?” साहेबांनी विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली. हे वाक्य त्या मला सांगणार नव्हत्या. तेवढ्यात चिंचेखालून बाबांचा आवाज आला, “काऊन थांबली पोरी? माही पाळी आली का? सांगून टाक त्यायले.” शेजारच्या तुकारामकाकांनीही मान हलवली. मी आधी त्यांचं वाक्य सांगितलं. मग बाबांचं. ‘धिस इज माय फादर, हू लिट द फायर.’ या वाक्यात स्वल्पविराम लागतोच, कारण बाप एकच असतो. तेव्हा मात्र मला तो बरोबर कळला.

साहेबांनी नऊ जणांना सोडलं. मग अर्ज समोर धरून त्यांनी कडक आवाजात विचारलं, सरकारची दिशाभूल करणारा हा कागद कुणी लिहिला? मी तोंड उघडायच्या आत बाई पुढे झाल्या. “मी सांगितला तसा हिनं उतरवला. चूक माझी.” ते धादांत खोटं होतं. साहेबांनी ते कागदावर लिहून सही करायला लावली. सही करताना बाईंचा टाक दोनदा कागदात रुतला. परतताना मोटार थांबवावी लागली, रस्त्याच्या कडेला त्यांना उलटी झाली. मी पाठीवरून हात फिरवला तर म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस हं, मी खोटी सही केली म्हणून.”

बाबांना आणि तुकारामकाकांना तीन महिन्यांची सजा झाली. भाताच्या रोवणीच्या तोंडावर ते भंडाऱ्याच्या तुरुंगातून आले, वाळून काटक्या झाले होते. मला वाटलं, बाबा आता माझ्याशी बोलणार नाहीत. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, “बाईले सांगजो, नऊ घरचे नांगर चालून राहिले म्हना.” मी फुलचूरला जाऊन तसंच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि आधी उठून दाराची कडी लावली. पुढे तो विषय आमच्यात कधीच निघाला नाही. मी शिक्षिका झाले, देवरीला आले. वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जायची. वाटायचं, त्या विसरल्या असतील.

तेराव्याला गेले तेव्हा भाचीनं खाटेखालून एक कापडी पिशवी ओढली. “आत्या हिला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, कधी पोलीस न्यायला आले तर ऐनवेळी शोधाशोध नको.” पिशवीत दोन पांढरी लुगडी होती, एक फणी, एक तांब्या, चष्म्याचं जुनं घर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंगाच्या साबणाची वडी. आठ वर्षं झाली होती त्या सहीला. वर्तमानपत्र मात्र यंदाचं होतं, आणि साबणाला अजून नव्याचा वास येत होता.