तोंड झाकून बोला!

चार माणसं एका ठिकाणी काम करायला लागली की किस्से साठतातच. आमच्याकडे जरा जास्त साठतात, कारण आमच्याकडे बोलणं हेच काम! बारामतीत आमचं छोटं सेंटर आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. त्या यंत्रातून ऐकायचं कसं, हे आम्ही शिकवतो. मी स्वतः फार बोलत नाही. "बोलायला शिकवणारीच मुकी हाय," असं सासरी माझं कौतुक होतं.

यंत्रातून शब्द पोचतात, पण आवाजाचा चढ-उतार पुसट येतो. "जेवलीस." आणि "जेवलीस?" दोन्ही सारखंच. निमगाव केतकीची सना सहा वर्षांची. शब्द सगळे पाठ, पण विचारलेलं तिला सांगितल्यासारखं वाटे आणि ती गप्प बसे. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "उत्तरच देत नाही. जूनमध्ये परत आणा, तेव्हा पहिलीत घ्यायचं का ते बघू."

तिची आई शाहीनभाभी आमच्यासमोर रडायच्याच बाकी होत्या. "मॅडम, पोरगी हुशार हाय हो! इचारलंय हेच तिला कळत न्हाय!"

* * *

सुरुवात पेटीपासून. वरचा सूर वाजला की उभं राहायचं, खालचा वाजला की बसायचं. आधी सूर लांबलांबचे घ्यायचे, मग हळूहळू जवळ आणायचे. शाहीनभाभींबरोबर सनाची दादीही यायची. पहिल्याच सुराला दादीही उभी!

"दादी, तुम्ही बसून राहा."

"सूर वर गेल्यावर बसू कशी?"

महिनाभर दोघींची उठबस चालली. मग एक दिवस मी दोन सूर अगदी जवळचे वाजवले. दादी उभी राहिली. सनानं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही, दादीचा पदर धरून ओढला. "दादी, खाली बस! खालचा हाय!"

दादी बसली आणि शाहीनभाभींना म्हणाली, "माझ्या कानाचं काय ते नंतर बघू. हिचा आला!"

* * *

रागाचा आवाज आणि लाडाचा आवाज ओळखायला रेकॉर्डिंग लागतात. बाजारात मिळतात ती शहरी. त्यातले आजोबा मधात बुडवून काढल्यासारखे बोलतात. आपल्याकडं असं बोललं तर माणूस आजारी आहे का, म्हणून विचारतील. म्हणून मी अंथुर्ण्याला घरी सासऱ्यांना, तात्यांना, मोबाईलसमोर बसवलं.

"तात्या, रागानं म्हणा, इकडं ये."

"हिकडं ये!" गोठ्यातली म्हैस उठली.

"आता लाडानं."

"हिकडं ये!" म्हैस बसलीच नव्हती.

"तात्या, जरा प्रेमानं..."

"आता प्रेमानंच म्हणलो की!"

दोन्ही सनाला ऐकवले; समोर रागाचं आणि लाडाचं चित्र ठेवलं. तिनं दोन्ही चित्रं बाजूला सारली आणि म्हणाली, "ह्यो बाबा लांबनं बोलतुया."

तात्यांना सांगितलं. ते खूश! "पोरीला बरोबर कळलं. आमी रानात बोलतो."

* * *

मग सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला. आमचा नियम असा, की बोलताना तोंड झाकायचं; नाहीतर मुलं ओठ वाचून उत्तर देतात. सासूबाईंना तो सांगावाच लागला नाही, पदर आपसूक तोंडाशी गेला. आणि त्यांनी एकच शब्द म्हटला, "आलीस."

वाट बघितल्यावरचा "आलीस!" उशीर झाल्यावरचा "आलीस?" माहेराहून आल्यावरचा "आऽलीस." भांडी घासून झाल्यावरचा "आलीस व्हय!"

मी नवी सून. अर्थ सांगायची मला गरज नव्हती.

आमच्या सेंटरच्या मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढे आवाज मला ट्रेनिंगमध्येसुद्धा मिळाले नाहीत! या शिकवायला येतील?"

सासूबाईंना निरोप दिला. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "आलीस म्हणायला दारात कुणीतरी यायला लागतं. पोरीला घेऊन ये घरी."

सना दर रविवारी आमच्या ओसरीवर यायला लागली. सासूबाई तिच्या पाठीमागं बसून बोलायच्या, आणि ती बाहुलीचं तोंड हसरं का रुसकं ते खडूनं काढायची. फरशी भरून गेली. सासूबाईंनी कुणाला ती पुसू दिली नाही.

* * *

जूनमध्ये मी, शाहीनभाभी आणि सना शाळेत गेलो. एसटीनं दगा दिला, चांगलाच उशीर झाला. भाभी रस्ताभर सनाला पढवत होत्या, "इचारलं की बोलायचं, बेटा. बोलायचं हं."

मोठ्या बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"या. लवकर आलात."

भाभींचा चेहरा खुलला. त्या दमून गेल्या होत्या, बिचाऱ्या आभार मानायलाच निघाल्या. सनानं त्यांचा हात ओढला, आणि हळू बोलणं तिला अजून जमत नाही.

"अम्मी, बाई रागावल्यात!"

फळ्यावरचा खडू थांबला. बाई वळल्या, तिच्या कानामागच्या यंत्राकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"तुमी."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जा. पुढच्या बाकावर बस."

सना बाकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "अम्मी, आता न्हाय रागावल्या!"