अण्णांचं त्र्याहत्तर साल

माझ्या नवऱ्याच्या काकांइतका मन लावून सिनेमा पाहणारा माणूस अख्ख्या बंगळूरात नसेल, आणि त्या पाहण्याचा घरच्यांना इतका ताप देणाराही नसेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, उभा जन्म चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानात गेला. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे मराठीत कानडी मुरलेली; अण्णांचं वाक्य ‘स्वल्प थांब’ने, म्हणजे ‘जरा थांब’ने, सुरू होतं आणि ‘सरी’ने, म्हणजे ‘ठीक’ने, संपतं. त्यांना एकाच जातीचा सिनेमा चालतो : नायक खजिना शोधायला निघतो, कड्यावरून लोंबकळतो, वाचतो. त्यातल्या एका मालिकेवर त्यांचा विशेष जीव. दर काही वर्षांनी तिचा पुढचा भाग येतो, नायक थकत जातो आणि गोष्टीतलं सालही पुढे सरकतं.

यावर अण्णांचा सिद्धांत आहे, आणि जयनगरच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. ‘गोष्ट ज्या सालात घडते ना, सिनेमा त्या सालच्या सिनेमासारखा वागतो. पहिला भाग तीसच्या दशकातला. तेव्हा हप्त्याहप्त्यानं चालणारे सिनेमे असत. म्हणून आपला नायक दर दहा मिनिटांनी मरायला टेकतो. दुसरा पन्नासच्या दशकातला. तेव्हा पडद्यावर सगळ्यांना आभाळाची भीती; म्हणून यात उडत्या तबकड्या. कळलं?’

एवढं बोलून दुसरा माणूस कॉफी प्यायला असता. अण्णा गृहपाठ करतात. नवा भाग येण्याआधी महिनाभर त्या काळचे सिनेमे पाहायचे आणि त्या काळातच राहायचं. पहिल्या भागाच्या वेळी मी या घरात नवी होते. मिक्सरची चटणी त्यांनी ताटाबाहेर ठेवली, ‘अजून निघाला नाही तो.’ दुसऱ्याच्या वेळी तबकडीतल्या माणसांच्या पोशाखासाठी चिकपेटेतून चंदेरी कापडाचा अख्खा तागा उचलून आणला. आमची स्कूटर आजही त्याच्याखाली झाकलेली असते. हे सगळं मी हसून सोसलं, कारण ते माझ्या वहीत बसत होतं. घर मी याद्यांवर चालवते; ‘अण्णा : गृहपाठ’ अशी एक ओळ टाकली की झालं.

तिसऱ्या भागानं ती ओळ मोडली. तो सत्तरच्या दशकातला, नेमका त्र्याहत्तर सालचा. ‘तेव्हाचा सिनेमा संशयाचा,’ अण्णांनी बजावलं. ‘फोन कुणीतरी ऐकतंय. मित्रच फितूर. शेवट गोड नाही.’ आणि ते संशय घेऊ लागले. मी वहीत दोन रकाने आखले, ‘गृहपाठ’ आणि ‘विसर’. वॉचमन आपल्या जाण्यायेण्याच्या वेळा टिपतो अशी तक्रार : गृहपाठ. (वॉचमन खरंच टिपतो, तेच त्याचं काम.) किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवल्या : गृहपाठ. लपवलेल्या किल्ल्या स्वतःलाच सापडेनात : इथे पेन थांबलं. दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले : विसर. या वयात संशय हेही आजाराचं लक्षण असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं माझ्या डोक्यातून जात नाही.

नवरा एचएसआर लेआउटच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला, ‘उगाच घाबरतेस. सिनेमा पाहिला की उतरेल.’ तरी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच.

‘अज्जा, हे कुठलं साल?’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

अण्णा क्षणभर थांबले. ‘त्र्याहत्तर.’

पंतप्रधानांचं नाव विचारलं, तेही त्र्याहत्तरचंच, बिनचूक. मग पुढे झुकून हळूच म्हणाले, ‘हे सगळं लिहून कुणाला देता?’

मी गृहपाठाची हकीकत सांगत सुटले. बाईंनी माझ्याकडेच जरा काळजीनं पाहिलं आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. मी वहीत लिहिलं : शुक्रवार, सिनेमा. शनिवार, साल विचारणे.

शुक्रवारी सकाळच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. पडद्यावर नायकाचा जुना मित्र फितूर निघाला तेव्हा अण्णांनी टाळी दिली, ‘बघ, सांगितलं होतं!’ मला मात्र सिनेमा दिसलाच नाही. मी त्यांचं तोंड पाहत होते.

शनिवारी कॉफी पुढे ठेवली. ‘अण्णा, साल कुठलं?’

त्यांनी चालू साल सांगितलं. वर तिथीही. मी सुटकेचा श्वास सोडून वही उघडली, तर ते म्हणाले, ‘स्वल्प थांब. लिहू नको एवढ्यात. त्या दिवशी डॉक्टरांपुढे मला साल खरंच आठवलं नव्हतं गं. नुसता अंधार. गृहपाठातलं तेवढं हाताशी होतं, ते देऊन टाकलं.’

मी वही मिटली.

‘घाबरलीस?’

‘हो.’

‘मी पण,’ अण्णा म्हणाले. ‘आता चौथा भाग आत्ताच्या सालात ठेवला पाहिजे त्यांनी. म्हणजे मला गृहपाठाला इथंच राहावं लागेल.’

चौथा भाग येईल की नाही कुणास ठाऊक. आम्ही वाट पाहिलेली नाही. माझ्या रोजच्या यादीत दुधाच्याही आधी आता एक ओळ असते. मी साल विचारते, अण्णा सांगतात, आणि मग तेही मला विचारतात, कारण एकट्याची परीक्षा घेणं त्यांना मान्य नाही. मी उत्तर दिलं की मान हलवून म्हणतात, ‘सरी. दोघंही पास.’ परवा ते जरा जास्त वेळ थांबले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोरून बाजूला झाले.